शहरी रेल्वेचे बारा फलक: मराठी-अरबी कामाच्या नोंदी, कोल्हापूर

९ जून २०२५

काम असं: शहरी रेल्वेच्या इतिहासावरचे १२ फलक, प्रत्येकी २ बाय ३ फूट, ५ मिमी सनबोर्डवर (फोमचा हलका बोर्ड) व्हिनाईल प्रिंट, वर मॅट लॅमिनेशन. एका बाजूला मराठी, मागच्या बाजूला अरबी. प्रदर्शन आधी कोल्हापुरात लागेल, मग आखातात जाईल. मूळ मजकूर इंग्रजीत आला आहे. मराठी बाजू झाली, अरबी आजपासून. पहिला खर्डा इथे करायचा, तो तपासायला कैरोचे एक भाषांतरकार आहेत.

फलकांचा क्रम: लंडन १८६३, इस्तंबूल १८७५, लंडनची खोल बोगद्यातली विजेची लाईन १८९०, बुडापेस्ट १८९६, पॅरिस १९००, मुंबईची ट्राम आणि लोकल, कोलकाता १९८४, ट्युनिस १९८५, कैरो १९८७, दुबई २००९, रियाध २०२४. बारावा फलक मिरज-कोल्हापूर लाईनचा (१८९१). ती काही शहरी रेल्वे नव्हे, पण यजमान गावाचा मान म्हणून घेतली आहे.

इंग्रजी मजकुरात 'मेट्रो', 'अंडरग्राउंड', 'सबवे' आणि 'ट्यूब' हे चार शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेत. लिहिणाऱ्याला तोच शब्द परत परत नको होता, एवढंच त्यामागचं कारण दिसतं. तसंच्या तसं अरबीत नेलं तर वाचणाऱ्याला चार वेगळ्या रेल्वे वाटतील. म्हणून आधी शब्दसूची पक्की करायची, मजकुराला हात नंतर लावायचा.

११ जून

'अंडरग्राउंड'ला कोशात तीन वाटा मिळतात.

'तहत अल-अर्द' म्हणजे शब्दशः जमिनीखाली. हे जागेचं वर्णन झालं, रेल्वेचं नाव नाही. दुसरा शब्द 'सिर्री', म्हणजे गुप्त. बेचाळीसच्या चळवळीतले भूमिगत त्यात बसतात, गाडी बसत नाही. तिसरा 'मित्रो अल-अन्फाक'. 'नफक' म्हणजे बोगदा, 'अन्फाक' त्याचं अनेकवचन, म्हणून बोगद्यांची मेट्रो. कैरोत हाच शब्द रुळलेला आहे. तिथं बोगद्यांचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या नावातही 'अन्फाक' आहे. हाच घेतला.

लगेच हरकत आली, आणि ती रास्त आहे: लंडन अंडरग्राउंडचा निम्म्याहून जास्त मार्ग उघड्यावर आहे, मग 'बोगद्यांची' कसं म्हणायचं? पण कैरोची पहिली लाईनही तशीच आहे. हेलवानकडून येणारी जुनी रेल्वे आणि उत्तरेकडची अल-मर्गची रेल्वे शहराच्या पोटातून जोडली, तेव्हा बोगदा लागला तो रामसेस चौक ते सय्यिदा झैनब एवढाच, साधारण साडेचार किलोमीटर. बाकी सगळी जमिनीवर. तरी कैरोकर तिला बोगद्यांचीच मेट्रो म्हणतात.

म्हणून सूचीत दोन रकाने केले. पहिल्यात नाव, म्हणजे त्या गावचे लोक जे म्हणतात ते. दुसऱ्यात प्रकार, म्हणजे मार्ग प्रत्यक्षात कुठून जातो ते. प्रकारासाठी इजिप्तमधल्या कामांत चालणारी तीन विशेषणं घेतली: 'नफकिय्या' बोगद्यातलं, 'सत्हिय्या' जमिनीवरचं, 'उलविय्या' खांबांवरचं. दुबईच्या फलकावर नाव नुसतं 'मित्रो दुबई', कारण तो मार्ग मुख्यतः खांबांवर आहे आणि तिथं कुणी 'अन्फाक' लावत नाही.

'सबवे' सूचीतून काढून टाकला. लंडनमध्ये सबवे म्हणजे पायी जायचा भुयारी रस्ता, न्यूयॉर्कमध्ये रेल्वे. आपल्याकडे सबवे म्हटलं की अंधेरीचा, पावसात तुंबणारा. पादचारी भुयाराला अरबीत 'नफक अल-मुशात' आहे, तो फक्त एका नकाशात लागेल. 'ट्यूब' हे लंडनच्या रेल्वेचं टोपणनाव. 'उंबूब' म्हणजे नळी, एवढा खुलासा १८९०च्या फलकावर एकदाच द्यायचा, कारण तो बोगदा खरंच गोल नळीसारखा खोदला होता.

१३ जून

लंडनचा १८६३चा फलक. १० जानेवारी १८६३ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन स्ट्रीट, सुमारे ६ किमी. पहिल्याच दिवशी सुमारे ३८ हजार प्रवासी. कंपनीचं नाव मेट्रोपॉलिटन रेल्वे.

'मेट्रोपॉलिटन' कोशात बघितलं तर अरबी प्रतिशब्द 'मुतरान' निघतो. मुतरान म्हणजे ख्रिस्ती धर्मपीठाचा मोठा बिशप. मूळ ग्रीक शब्द एकच, पण अरबीत तो कित्येक शतकं आधी चर्चच्या वाटेने शिरला आणि तिथंच राहिला. भाषांतराच्या यंत्राने एका वाक्यात 'मुतरानची रेल्वे' करून ठेवली होती. वाक्य व्याकरणात चोख, म्हणून अरबी न वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटेल. दुसरी चूक उलट दिशेची: 'आसिमा' म्हणजे राजधानी घालून 'राजधानीची रेल्वे' करायची. अर्थ ठीक, पण मग पॅरिसच्या फलकावरचा धागा तुटतो. १९००मध्ये पॅरिसच्या कंपनीच्या नावात 'मेत्रोपोलितँ' होतं, त्याचं तोंडी 'मेत्रो' झालं आणि तोच तुकडा अरबीत पोचला. लंडनच्या फलकावर मूळ आवाज दिसला नाही तर पुढचं कोडं सुटणार नाही.

ठरलं ते असं: पहिल्यांदा 'सिक्कत हदीद' (लोहमार्ग) आणि पुढे अवतरणात 'मित्रोबोलितान', नंतर सगळीकडे नुसतं 'मित्रोबोलितान'. अरबीत 'प' नाही, त्याचा 'ब' होतो. पॅडिंग्टनचंही 'बादिंगतून' होतं आणि बाराव्या फलकावर कोल्हापूरचं 'कूल्हाबूर'. त्याला इलाज नाही. फारसीचा तीन टिंबांचा 'पे' घालून हौस भागवता येईल, पण नेहमीच्या अरबी मजकुरात तो परका दिसतो.

'ग' हा जास्त डोकेदुखीचा. कैरोचे तपासनीस फॅरिंग्डनमधला 'ग' 'जीम' या अक्षराने लिहितात, कारण त्यांच्याकडे जीमचा उच्चारच 'ग' आहे. आखातात तोच जीम 'ज' वाचला जाईल. प्रदर्शन आखातात लागणार, म्हणून 'गैन' हे अक्षर घातलं. दोन्ही बरोबरच आहेत, पण एका फलकावर दोन पद्धती नकोत.

तांत्रिक शब्द: रस्ता खणून, बाजूला विटांच्या भिंती आणि वर कमान बांधून पुन्हा झाकायच्या पद्धतीला 'अल-हफ्र वत-तग्तिया', म्हणजे खणणं आणि झाकणं. वाफेच्या इंजिनाची निकामी वाफ बोगद्यात न सोडता टाकीतल्या पाण्यात थंड करायची सोय होती, त्याला 'तक्सीफ अल-बुखार'. 'अल-बुखार' गाळायचं नाही, कारण नुसत्या 'तक्सीफ'चा अर्थ तीव्र करणं असाही होतो. आपल्याकडच्या वाचणाऱ्याला 'बुखार' ताप वाटेल. तिकडे वाफच.

१८ जून

मराठीतून अंदाजाने जाता येत नाही असे शब्द, खर्डा करणाऱ्यांसाठी:

'तारीख' अरबीत इतिहासही आणि दिनांकही. मजकुरात 'तारीख' दिसली म्हणून पुढे दिनांक शोधू नये. 'मुसाफिर' लांबच्या प्रवासाला निघालेला, मेट्रोतला रोजचा प्रवासी 'राकिब', अनेकवचन 'रुक्काब'. नकाशाला 'खरीता'. फलाटाला 'रसीफ'. यंत्र हमखास 'मिनस्सा' देतं, ते व्यासपीठ. टर्मिनसला 'महत्ता निहाइय्या', शेवटचं स्थानक. आपल्या स्टेशनच्या नावात टर्मिनस आहे, तिथं हाच लागेल.

मुंबईच्या फलकावर 'लोकल'चं 'महल्ली' झालं होतं, म्हणजे स्थानिक. उपनगरी गाडीला 'कितार अद-दवाही' आहे. आकडे तपासले: घोड्यांची ट्राम १८७४, विजेची १९०७, बंद १९६४, विजेवरची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५, व्हीटी ते कुर्ला.

ट्युनिसची गाडी रस्त्यावरून धावते, डोळ्यांना ट्रामच. पण तिचं नाव 'अल-मित्रो अल-खफीफ', हलकी मेट्रो. रबात आणि कासाब्लांकात तशाच गाडीला 'त्रामवाय' म्हणतात. पहिल्या रकान्याचा नियम इथे उपयोगी पडला: नाव गावाचं, प्रकार आपला.

२४ जून

आकडे आणि नाम. ही गोष्ट साच्यात बसवता येत नाही हे डिझाईन करणाऱ्यांना आधीच सांगावं लागलं, कारण त्यांनी सगळ्या फलकांवर 'आकडा + स्थानके' असा चौकोन एकदाच बनवून कॉपी केला होता. मराठीत चालतं. अरबीत संख्येप्रमाणे शब्दाचं रूप बदलतं.

इस्तंबूलच्या 'तुनेल' या रेल्वेला स्थानकं दोन. दोनसाठी आकडा लिहीतच नाहीत, द्विवचन 'महत्ततान' एवढंच. रियाधचे मार्ग ६, आणि ३ ते १० ला अनेकवचन, म्हणून 'खुतूत'. कैरोच्या पहिल्या लाईनीवर स्थानकं ३५, आणि ११ ते ९९ ला पुन्हा एकवचन: ३५ 'महत्ता'. इथे 'महत्तात' असं अनेकवचन छापलं तर अरबी वाचणाऱ्याच्या दाताखाली खडा येतो.

शिवाय ११ ते ९९ ला नामाची विभक्ती बदलते आणि पुल्लिंगी नामाला शेवटी अलिफ हे एक अक्षर वाढतं. रियाधचं १७६ किमी आणि तुनेलचं ५७३ मीटर या दोन्हींत शेवटचा भाग ७६ आणि ७३, म्हणून 'कीलूमित्रन' आणि 'मित्रन', अलिफासह. चौकोनाची रुंदी त्या हिशेबाने ठेवली.

अंकांच्या आकृतीचाही घोळ आहे. आखातात आणि इजिप्तमध्ये अरबी-हिंदी अंक चालतात. त्यात शून्य म्हणजे नुसतं टिंब आणि पाच म्हणजे छोटं वर्तुळ, थेट आपल्या ० सारखं. नऊ दिसतो आपल्या १ च्या जवळचा. १८७५ मधला शेवटचा अंक बघून प्रूफ वाचणारा '१८७०' म्हणणार, आणि १९०० मधली दोन टिंबं डाग समजून पुसणार. अरबी अंकांची ओळ प्रिंट काढून प्रूफच्या टेबलावर चिकटवून ठेवली आहे.

'१८७४-१९६४' अशी जोडी उजवीकडून वाचायच्या ओळीत आपल्याला उलटी दिसते. ती बरोबर असते. पण मजकुराच्या चौकटीची दिशा चुकून डावीकडून राहिली असेल तर ती खरंच उलटी छापली जाते, आणि कोणती बरोबर ते नजरेला कळत नाही. त्यापेक्षा रेघच नको: सगळीकडे 'मिन... इला...', म्हणजे 'पासून... पर्यंत'. जागा थोडी जास्त जाते, वाद मिटतो.

महिन्यांची नावं आखाती चालीची: जानेवारीला 'यनायर'. शाम (सीरिया-लेबनॉनचा भाग) आणि इराककडे वेगळी, ट्युनिसला आणखी वेगळी. तिन्ही मिसळायची नाहीत.

१ जुलै

टाईपसेटिंग. काही मजकूर उर्दू येणाऱ्या ऑपरेटरकडून टाईप होऊन आला. वाचायला सुबक, पण कीबोर्ड उर्दूचा. उर्दूचा 'काफ' आणि अरबीचा 'काफ' युनिकोडमध्ये वेगळे आहेत. शब्दाच्या मध्यात दोघांचा आकार एकच दिसतो, त्यामुळे 'सिक्कत हदीद'मधल्या 'सिक्का'मध्ये फरक डोळ्यांना दिसत नाही. पण शोधा-बदला केलं की निम्मे 'सिक्का' सापडत नाहीत, आणि निव्वळ अरबी फॉन्टमध्ये ते अक्षर नसेल तर तेवढंच दुसऱ्या फॉन्टमधून येतं, रेघेची जाडी बदलते. 'ये' आणि शेवटच्या 'हे'चं तेच. अंकांत उर्दूचे ४, ६, ७ वेगळ्या वळणाचे. उपाय: आलेल्या प्रत्येक फाईलवर आधी बदलांची यादी चालवायची (काफ, ये, हे, गोल ते, अंक), मगच फॉन्ट लावायचा. फॉन्ट नस्ख वळणाचा, म्हणजे नेहमीच्या छापील अरबीचा. नस्तालीक इथे शोभणार नाही, अरब वाचकाला ते फारसी-उर्दू वळण वाटतं.

इनडिझाईन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' लावणं सक्तीचं. तो मराठीलाही लागतो, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. परिच्छेदाची दिशा उजवीकडून. ट्रॅकिंग शून्य: अक्षरांत अंतर वाढवलं की जोड तुटतात. ओळी दोन्ही कडांना जुळवायच्या नाहीत, उजवीकडून सुरू करून डावीकडे मोकळ्या सोडायच्या. खोटा बोल्ड आणि तिरका ठसा बंद. त्याच पॉइंटला नस्ख देवनागरीपेक्षा बारीक दिसतो. मराठी २८ पॉइंटला आहे, अरबी ३३ वर आणला तेव्हा दीड मीटरवरून दोन्ही सारखे वाचता आले.

अरबी न येणाऱ्यानेही करायची तपासणी, 'मित्रो' शब्दावर: अक्षरं चार, मीम-ता-रा-वाव. उजवीकडून पहिली तीन सलग जोडलेली हवीत, चौथा वाव सुटा. 'ता'वर दोन टिंबं. चारही अक्षरं सुटी दिसली किंवा वाव उजव्या टोकाला गेला, तर फाईल बिघडली आहे. प्रिंटवाल्याकडे जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केलं की नेमकं हेच होतं. वाव गळाला तर 'मित्र' उरतं, म्हणजे मीटर. त्यामुळे फाईल द्यायची ती कर्व्ह करूनच (अक्षरांची चित्रं करून), आणि कर्व्ह केल्यावर पुन्हा हीच तपासणी.

९ जुलै

फोटो उलटे करायचे नाहीत. दिशा बदलली म्हणून एका प्रूफमध्ये सगळं पान आरशासारखं फिरवलेलं आलं: डब्यावरचे नंबर उलटे, आणि कैरोत नाईल भलत्याच बाजूला. फिरवायच्या गोष्टी तीनच: काळरेषा, बाण, आणि चित्र-मजकुराची जागा. काळरेषेवर १८६३ उजव्या टोकाला. मार्गाचे नकाशे जसेच्या तसे, फक्त नावांच्या पट्ट्या बिंदूच्या डाव्या बाजूला नेल्या.

कैरोच्या नकाशात रामसेस चौकाखालचं स्थानक 'अश-शुहदा' असं छापायचं. २०११ पर्यंत त्याला मुबारक यांचं नाव होतं, आलेल्या जुन्या नकाशात तेच आहे.

१६ जुलै

स्टँड. उद्यमनगरात सांगितलेत: १ इंची स्क्वेअर ट्यूब, १६ गेज, उंची ६ फूट, पायाला १८ इंचाचा टी, पावडर कोटिंग राखाडी. दोन सनबोर्ड पाठीला पाठ लावून १० मिमी, लॅमिनेशन धरून १२ मिमीच्या यू-चॅनेलमध्ये बसतात. दोन वेगळे बोर्ड घेण्याचं कारण पाऊस: एकाच बोर्डाला एका बाजूने व्हिनाईल आणि लॅमिनेशन चढवलं की या दमट हवेत तो पापडासारखा वाकतो. पाठीला पाठ लावले की दोघांची ओढ एकमेकांना तोलते. दुतर्फी टेप चारही कडांना, शिवाय मध्ये दोन आडव्या पट्ट्या.

अरबी फलक उजवीकडून लावावे लागतील म्हणून स्टँडचा वेगळा संच लागेल असं अंदाजपत्रकात धरलं होतं. लागत नाही. १२ स्टँड एका ओळीत उभे केले की समोरून पहिला डाव्या हाताला असतो. मागे जाऊन बघितलं की तोच उजव्या हाताला येतो. मराठी समोरून डावीकडून उजवीकडे, अरबी मागून उजवीकडून डावीकडे, क्रम आपोआप जुळतो. अट एकच: ओळ भिंतीला लावायची नाही, मागे किमान ५ फूट चालायला जागा. अंदाजपत्रकातली ती ओळ खोडली.

२४ जुलै

मुख्य मथळा प्लॉटरवर कापलेल्या व्हिनाईलचा, ६ इंच उंच. अरबी कापताना टिंबं हा खरा प्रश्न. बा, ता आणि नून ही अक्षरं शब्दाच्या मध्यात केवळ टिंबांनी ओळखू येतात, आणि नको असलेलं व्हिनाईल सोलताना पहिल्यांदा टिंबंच उचलली जातात.

'मित्रो अल-अन्फाक' या मथळ्याचे तुकडे मोजून ठेवले. 'मित्रो'चे चार: जोडलेला मीम-ता-रा, दोन टिंबं, सुटा वाव. 'अल-अन्फाक'चे नऊ: अलिफ, लाम-अलिफचा जोड, त्यावरचा हमजा (छोटी खूण), नून-फा-अलिफ, नूनचं टिंब, फाचं टिंब, काफ, काफची दोन टिंबं. एकूण १३. अक्षरांच्या पोटातली भोकं वेगळी. ट्रान्सफर टेप लावायच्या आधी १३ मोजायचे, बोर्डावर बसवल्यावर पुन्हा १३. लाम आणि अलिफ वेगळे उभे कापलेले दिसले तर थांबायचं, फाईल बिघडलेली आहे.

सोलताना कोन तिरका आणि वेग कमी. टिंबांवर आधी बोटाने दाब द्यायचा. ३ मिमीपेक्षा लहान टिंब धरत नाही, म्हणून उपमथळे कापायचे नाहीत, छापायचे.

४ ऑगस्ट

शेवटचं प्रूफ कैरोहून परत आलं. दुरुस्त्या चार. दोन हमजाच्या. एका ठिकाणी 'रुक्काब'ऐवजी 'मुसाफिरीन' राहिलं होतं. चौथी कोल्हापूरच्या फलकावर: 'कूल्हाबूर' हे गाव कुठे आहे ते वाचणाऱ्याला कळणार नाही, सोबत 'महाराष्ट्र, हिंद' लिहा. लिहिलं.

छपाई उद्या सकाळी. लॅमिनेशन परवा दुपारी, खोली बंद ठेवून. हवा ओली आहे, म्हणून छापलेलं व्हिनाईल शाई सुकायला पूर्ण दिवस सुटं ठेवायचं. पॅकिंगमध्ये प्रत्येक फलकाच्या कडेला दोन्ही लिपींत क्रमांक, अरबी क्रमांकाखाली बारीक अक्षरात मराठी अंकही, म्हणजे उतरवणारे हमाल ५ चा ० करणार नाहीत.